घरगुती बहुट्रॅक ध्वनिमुद्रण आणि कॅसेटची निवड : झाडीपट्टीच्या संदर्भात

वैनगंगेच्या तीरावरील कारधा हे भंडारा जिल्ह्यातील गाव झाडीपट्टीत मोडते. दंडार, खडी गंमत या येथील लोककला प्रामुख्याने मौखिक परंपरेने टिकल्या. अशा कलांचा आवाज घरच्या घरी साठविणे फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे सुलभ झाले. पुढे १९७९ मध्ये टीॲक कंपनीच्या ‘पोर्टास्टुडिओ’ यंत्राने त्याच कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक मुद्रित करण्याची सोय केली. गायन व वाद्ये वेगवेगळी नोंदवून नंतर एकत्र करता येऊ लागली.

या यंत्रात चारही ट्रॅक एकाच दिशेने मुद्रित होत व फीत दुप्पट वेगाने धावे. त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर केवळ १५ मिनिटांचे मुद्रण मावत असे. १२० मिनिटांच्या कॅसेटने वेळ वाढे. परंतु तिची फीत अतिशय पातळ असल्याने ती ताणली जाण्याचा व गुंतण्याचा धोका असे. बहुट्रॅक मुद्रणात तीच फीत वारंवार मागेपुढे न्यावी लागते. म्हणून तुलनेने जाड फितीची, कमी खरखरीची ‘टाइप दोन’ प्रकारची कॅसेट श्रेयस्कर मानली गेली.

संग्राहकांच्या दृष्टीने ही माहिती आजही महत्त्वाची आहे. अशी कॅसेट साध्या यंत्रावर लावल्यास आवाज संथ व जाड होतो. दुसऱ्या बाजूने तर तो उलटा ऐकू येतो. ती खराब समजून टाकून दिल्यास मूळ ध्वनीच कायमचा नष्ट होतो. म्हणून झाडीपट्टीतील घरांतून जुन्या कॅसेटी गोळा करताना मुद्रणाचा वेग व ट्रॅकसंख्या तपासून त्यांची नोंद वेष्टनावर करणे अगत्याचे ठरते.