तळटीप : मध्य सुरिनाम निसर्ग राखीव क्षेत्र

मध्य सुरिनाम निसर्ग राखीव क्षेत्र : दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील सुरिनाम देशातले संरक्षित वर्षावन. रालेईफालन, ताफेलबर्ख व आयलर्ट्स दे हान ही तीन जुनी राखीव क्षेत्रे जोडून १९९८ साली त्याची स्थापना झाली. २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. क्षेत्रफळ सुमारे १६ लाख हेक्टर, म्हणजे देशाच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा. कोपेनामे नदीचे वरचे खोरे यात येते. आत कायमची वस्ती नाही आणि प्रवेश मुख्यतः होडीने किंवा छोट्या विमानाने होतो. या दुर्गमतेमुळेच जंगल बव्हंशी मूळ स्थितीत टिकले आहे. दाट अरण्यातून फोल्ट्सबर्खसारखे ग्रॅनाइटचे उघडे घुमट वर येतात. उन्हाने तापणाऱ्या या कातळावर कोरड्या प्रदेशातल्यासारखी वनस्पती वाढते. जॅग्वार, टॅपिर, महाकाय पाणमांजर, महाकाय आर्माडिलो, स्लॉथ आणि माकडांच्या आठ जाती येथे आढळतात. पक्ष्यांच्या सुमारे ४०० जातींपैकी गियाना कॉक-ऑफ-द-रॉक विशेष प्रसिद्ध आहे. त्याचे केशरी नर विणीच्या काळात ठरावीक जागी जमून माद्यांसमोर प्रदर्शन करतात; मादी कातळाच्या कपारीत मातीचे घरटे बांधून एकटीच पिले वाढवते.