बाजारातला उपदेश आणि कीर्तनातला ख्रिस्त

आठवडी बाजारात उपदेशकाची खरी परीक्षा होते. चर्चमधल्या बाकावर बसलेला माणूस कंटाळला तरी आशीर्वाद होईपर्यंत थांबतो. बैल पाहायला आलेला शेतकरी मात्र दोन वाक्यं ऐकून पुढच्या दावणीकडे निघतो.

१८८०च्या दशकात मार्कस आणि जेनी फुलर हे अमेरिकी दांपत्य अकोल्यात आलं. पुढे वऱ्हाडात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चं काम उभं राहिलं. त्या काळच्या मिशनऱ्यांचा शिरस्ता ठरलेला: हिवाळा लागला की बैलगाडीवर तंबू लादून गावोगाव हिंडायचं, बाजाराच्या दिवशी एखादं गाणं म्हणायचं आणि गर्दी जमली की बोलायला उभं राहायचं. पण वऱ्हाडी कानाला रात्र रात्र कीर्तन ऐकायची सवय. परदेशी वळणाचं, मुद्दे एक-दोन-तीन मोजणारं भाषण त्याला कितपत पुरणार?

तोड निघाली ती अहमदनगरात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. पूर्वरंगात पद आणि त्याचं निरूपण, उत्तररंगात बायबलमधलं आख्यान. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला कवीची वाणी दिली. धर्म बदलला म्हणून ओवी-अभंगांशी नातं तोडायचं त्यांना मान्य नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

चांगल्या उपदेशाचा वऱ्हाडातला मापदंड मात्र चर्चबाहेर, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) घालून दिला. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं, रात्री कीर्तन. तेही अस्सल वऱ्हाडीत, लोकांना प्रश्न टाकत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. आधी झाडलेलं गाव समोर असल्यावर स्वच्छतेवर वेगळं काय बोलायचं? पोथीतला आधार शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, तरी प्रवचनाचा प्रश्न सुटला नाही. २०२४ साली पोप फ्रान्सिस यांना बजावावं लागलं, की प्रवचन आठ मिनिटांत आटपा, नाहीतर लोक झोपतात. कागद वाचून दाखवणाऱ्यांना हा सल्ला लागू आहेच. पण कीर्तनाला पहाटेपर्यंत बसणाऱ्या मुलखात दोष केवळ घड्याळाचा कसा म्हणायचा? पाळक आणि धर्मगुरू घडवणाऱ्या मराठी संस्थांनी आपल्या अभ्यासक्रमात कीर्तनाला जागा द्यावी, आणि शिकाऊ उपदेशकाला एखाद्या बाजाराच्या दिवशी उभं करून पाहावं.