बाहुलीसाठी रचलेली कथा

आपल्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात कथा आधीची आणि बाहुली मागाहूनची असते. सीतेची कथा ठाऊक असते, म्हणूनच लाकडाच्या सीतेचे दुःख पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. अमेरिकेत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र खेळणी खपावीत म्हणून कथा रचण्याची रीत पडली. 'शी-रा' ही चित्रमालिकेतील वीरांगना याच रीतीतून जन्मास आली.

या रीतीस प्रारंभी विरोध झाला होता. 1969 साली 'हॉट व्हील्स' या खेळण्यातील मोटारींवर बेतलेल्या मालिकेविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा तेथील संघीय दळणवळण आयोगाने तिचा काही भाग जाहिरातीच्या वेळेत धरण्यास सांगितले. पुढे वारे फिरले. मॅटेल कंपनीने 1982 साली 'ही-मॅन' या वीराची खेळणी बाजारात आणली, आणि 1983 साली फिल्मेशन या संस्थेने त्याची मालिका दूरचित्रवाणीवर आणली. 1984 साली तर आयोगाने जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादाच उठविल्या.

ही-मॅनची खेळणी प्रामुख्याने मुलग्यांसाठी होती. मुलींसाठीही अशीच एक मालिका हवी, या हिशेबाने 1985 साली शी-रा अवतरली. मार्चमध्ये चित्रपट आला, सप्टेंबरात मालिका सुरू झाली आणि तिचे 93 भाग झाले. दुकानांत केस विंचरता येतील अशा बाहुल्या व स्फटिकांचा राजवाडा मांडला गेला. गंमत अशी की, कथेतील मुख्य खलनायक होर्डॅक याचे खेळणे मुलग्यांच्या मालात गेले. मुलींच्या मालात शी-राची वैरीण म्हणून कॅट्रा पुढे करण्यात आली. कथा एक, परंतु फळ्या दोन!

तथापि लॅरी डिटिलिओ आणि जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या लेखकांनी या चौकटीत जी कथा बसविली, ती केवळ विक्रीपुरती नव्हती. ॲडोरा ही तान्ही असतानाच होर्डॅकने पळविलेली राजकन्या. ती त्याच्याच जुलमी सैन्यात वाढते, अधिकारी होते, आणि आपण न्यायाच्या बाजूस आहोत असे मानते. मग ती स्वतः लोकांत जाते, त्यांचे हाल पाहते आणि तिची श्रद्धा डळमळते. तलवार उंचावून ती शी-रा होते, हा चमत्कार झाला. परंतु ज्यांनी वाढविले त्यांचा अन्याय ओळखणे, हे खरे शौर्य होय. आईबापांची भेट झाल्यावरही ती सुखाने राजवाड्यात राहत नाही. ज्या इथेरियावर तिच्या सैन्याने जुलूम केला, तेथील बंडखोरांच्या साहाय्यास ती परत जाते. हे प्रायश्चित्त बाहुलीच्या खोक्यात मावणारे नव्हते.

पुढे काय झाले? बाहुल्यांचा खप थोड्याच वर्षांत ओसरला. 1989 साली फिल्मेशन बंद पडली. 1990 साली अमेरिकेच्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर पुन्हा मर्यादा घातली. कथा मात्र टिकली. 2018 साली एन. डी. स्टीव्हन्सन यांनी नेटफ्लिक्सवर शी-राची नवी मालिका आणली आणि 2020 पर्यंत तिचे 52 भाग झाले. नव्या कथेत ही-मॅन नाही. कॅट्रा ही ॲडोराची बालपणीची जिवलग सखी आहे, आणि दोघींची ताटातूट हाच कथेचा गाभा आहे. दुकानाच्या सोयीसाठी उभे केलेले वैर येथे माणसांचे दुःख झाले.

व्यापाऱ्याचा हेतू विसरावा असे मी म्हणणार नाही. लहान मुलांना जाहिरात आणि गोष्ट यांतील भेद कळत नाही. म्हणून तो भेद राखण्याचे उत्तरदायित्व मोठ्यांचे आहे. परंतु मागणीबरहुकूम लिहितानाही या लेखकांनी मुलींना सत्य सांगितले, याची नोंद इतिहासाने अवश्य घ्यावी.