नामकुमची लाख आणि नोबेओकाची आग

गेल्या काही भागांत आपण लढायांबद्दल बोललो. आजची गोष्ट घरातली आहे, माझ्या दिवाणखान्यातली. पण शेवटी तीही पुरवठ्याचीच आहे, आणि पुरवठा म्हटलं की फौजी माणूस खुर्चीत सरसावून बसतो.

ऑगस्ट 2020 मध्ये मी एक डॅक मागवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आकड्यांच्या रूपात साठवलेलं संगीत पुन्हा विजेच्या लहरींत बदलणारं हे यंत्र. त्याच्यापुढे अॅम्प्लिफायर आणि त्याच्यापुढे स्पीकर. तिन्ही नवे घ्यायचे ठरवले होते. किंमत सांगत नाही, कारण आमच्या सौ. हे भाग न चुकता पाहतात. विक्रेता म्हणाला, सहा आठवडे. स्पीकर आणि अॅम्प्लिफायर आले. डॅक हातात पडला चौदा महिन्यांनी.

चौदा महिन्यांत एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मला घाई होती, आणि ती हौशी माणसाची घाई नव्हती. मी तोफखान्यातला. देवळालीला शिकलो आणि 105 मिलिमीटरच्या तोफांजवळ वर्षानुवर्षं उभा राहिलो. त्या काळात आम्ही कानात कापूस कोंबायचो, तोही आठवला तर. त्या वर्षी बडोद्यात कानांची तपासणी करून घेतली, तर आलेखावर 4000 हर्ट्झजवळ खोल खड्डा पडलेला. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाची ही ओळखीची खूण आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आणि वयाबरोबर वरचे स्वरही कमी होत जाणार. तानपुऱ्याची जवारी तिथेच, त्या वरच्या भागात असते. ती एकदा नीट ऐकावी, एवढीच माझी मागणी होती.

आणि 20 ऑक्टोबर 2020 ला जपानच्या क्युशू बेटावर, मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका गावात आग लागली. असाही कासेई कंपनीचा चिप बनवणारा कारखाना तीन दिवसांहून जास्त जळत होता. जगातल्या कितीतरी महागड्या डॅकमध्ये जी चिप बसायची ती तिथली. कोविडमुळे चिपचा तुटवडा आधीच होता, त्यात ही भर पडली. 19 मार्च 2021 ला जपानमध्येच नाका इथल्या, मुख्यतः मोटारींच्या चिप करणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्यातही आग लागली आणि ओढाताण आणखी वाढली.

एक चिप काढून दुसरी बसवायची, त्यात काय? तोफेचं उदाहरण देतो. 105 च्या तोफेत 130 चा गोळा जात नाही. कॅलिफोर्नियाच्या कंपनीची चिप उपलब्ध होती, पण तिचे पाय वेगळे, तिला लागणारी वीज वेगळी, तिच्यातून निघणारा सिग्नल वेगळा. म्हणजे सगळा सर्किट बोर्ड नव्याने आखायचा, तपासायचा, परत ऐकायचा. बऱ्याच कंपन्यांनी तेच केलं. माझ्या डॅकचंही तेच झालं.

वाट पाहताना माझ्या मनात सारखं एक ठिकाण येत होतं, रांचीजवळचं नामकुम. तिथे माझी बदली होती. छावणीपासून जवळच तेव्हा भारतीय लाख संशोधन संस्था या नावाची संस्था होती, 1924 मध्ये स्थापन झालेली. रविवारी फिरायला निघालो की बोरीच्या, पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचा जाड थर दिसायचा. कोट्यवधी बारीक किड्यांनी स्रवलेली ही राळ. गावातले लोक ती खरवडून काढतात, धुऊन, वितळवून तिचा चपडा होतो. आपले सुतार पॉलिशला वापरतात तोच. त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नव्हतं की बडोद्याला आमच्या घरी वडिलांनी जपलेल्या बालगंधर्वांच्या रेकॉर्डी याच झाडांवरून आल्या असणार.

78 फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड म्हणजे दगडाची पूड, काजळी आणि त्यांना बांधून ठेवणारी लाख. पूड कुठेही मिळते, लाख मिळत नाही. जगाची बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून कलकत्ता बंदरावर. 1908 मध्ये कलकत्त्याला सियालदहमध्ये रेकॉर्डी दाबण्याचा कारखाना निघाला आणि पुढे तो डमडमला गेला. डमडम म्हटलं की फौजी माणसाला तिथली कुप्रसिद्ध गोळी आठवते. गाणंही तिथलंच, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

आता एप्रिल 1942 कडे या. जपानी आरमार बंगालच्या उपसागरात घुसलं, 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब पडले, त्या काही दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजं बुडाली. कलकत्त्याहून माल बाहेर जाणं म्हणजे जिवाशी खेळ झाला. थायलंड आणि इंडोचायनाची लाख तर जपानच्या कह्यातच होती. त्याच महिन्यात अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने हुकूम काढला, की रेकॉर्डींसाठी लागणाऱ्या लाखेत 70 टक्के कपात. ही लाख युद्धालाच हवी होती. सिग्नलच्या दारूचं मिश्रण बांधायला, दारूगोळ्याच्या भागांना ओल लागू नये म्हणून लेप द्यायला. माझ्या पेशाचा आणि माझ्या छंदाचा कच्चा माल एकच होता, आणि युद्धात कोणाला पहिला मान मिळतो हे मी सांगायला नको.

मग काय झालं? दुकानांत नवी रेकॉर्ड हवी असेल तर जुनी आणून द्या, असं सुरू झालं. त्या जुन्या दळून पुन्हा दाबायच्या. दळलेल्या मालात कागदाचे आणि मातीचे कण राहायचे, त्यामुळे युद्धकाळातल्या कित्येक रेकॉर्डी खरखरतात. घरात पडलेली किती गाणी त्या दळणात कायमची गेली असतील, याचा हिशोब कोणाकडे असणार?

पण फौजेला गाणी हवीच होती. 1943 पासून अमेरिकन सैन्याने आपल्या जवानांसाठी ‘व्ही-डिस्क’ काढल्या. लाख नाही आणि ती टपालात फुटतेही, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या केल्या. 1949 पर्यंत ऐंशी लाखांवर गेल्या. 1948 मध्ये बाजारात आलेली लाँग प्ले रेकॉर्ड प्लॅस्टिकचीच, विनाइलची होती. लाखेची सद्दी संपली. नामकुमच्या आसपास लाख खरवडणाऱ्या माणसाला त्याचा भाव का पडला, हे कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

एकाच जागेवर सगळं अवलंबून असण्याची सवय मात्र सुटली नाही. विनाइल रेकॉर्ड घडवताना पहिला खाचा लाखेरी मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तबकडीवर कोरतात. नाव लाखेचं असलं तरी हा मुलामा नायट्रोसेल्युलोजचा. अशा तबकड्या जगात दोनच ठिकाणी व्हायच्या. त्यातलं कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचं ठिकाण 6 फेब्रुवारी 2020 ला जळलं. उरलं जपानमधलं एक. व्हॉल्व्हवाल्यांचं तसंच. रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया सोडून त्यांना जायला फारशी जागा नाही, आणि मार्च 2022 मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा त्यांची पळापळ झाली. आमच्याकडे याला ‘एकच पूल’ म्हणत. ज्या मोर्चाला एकच पूल आहे त्याचा नकाशा बघून वरिष्ठ अधिकारी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवायचा.

ऑक्टोबर 2021 मध्ये खोकं आलं. आत पुस्तिका होती. तिच्यात लिहिलेलं, उत्तम आवाजासाठी यंत्र किमान शंभर तास चालू ठेवा. नव्या गाडीवर आम्ही ‘रनिंग इन’ची पाटी लावायचो, तसं. पण या रिवाजाची मुळं शोधायला गेलो तर पुन्हा फौजच भेटली. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात अमेरिकन सैन्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रं ऐन वेळी बंद पडायची. 1952 मध्ये त्यांनी एक सल्लागार गट नेमला, त्याचा अहवाल 1957 ला आला. नवा भाग बिघडायचा असला तर बहुधा सुरुवातीलाच बिघडतो, हा अनुभव होताच. म्हणून तो आधीच तापवा, चालवा, जो मरायचा तो कारखान्यातच मरू दे. पुढे लष्करी दर्जाच्या चिपसाठी 125 अंश सेल्सियसला 160 तास असा नियम झाला. त्यात आवाज गोड होण्याचा प्रश्नच नव्हता. कच्चे जवान वेगळे काढणं एवढाच हेतू.

हौशी मंडळींनी शब्द उचलला आणि अर्थ बदलला. स्पीकरच्या बाबतीत त्यांचं थोडं खरं आहे. पडद्याला धरून ठेवणारा कापडी भाग राळेने ताठ केलेला असतो, तो हलून हलून सैल होतो, आणि हे मोजता येतं. चिप कशी सैल होणार? शंभर तासांनी यंत्र बदलत नाही, ऐकणाऱ्याला त्याची सवय होते, असं माझं मत आहे. रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावं.

तरी मी शंभर तास लावले. हुकूम तो हुकूम. सौ. म्हणाल्या, “अहो, रिकाम्या खोलीत रात्रभर तानपुरा कोणाला ऐकवताय?” एकशे एकाव्या तासाला खुर्चीत बसलो. जवारी होती, पण मला हवी तेवढी नाही. पुढच्या आठवड्यात कानांचा नवा आलेख काढला. उजव्या कानाला 6000 च्या पुढे जवळजवळ काही नव्हतं. मागच्या आलेखात तिथे थोडं शिल्लक होतं. कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्या रात्री वडिलांची लाखेची रेकॉर्ड लावली. ती मी जाड सुईने वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. 1925 नंतर मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण होऊ लागलं, तरी त्या काळच्या रेकॉर्डीवर साधारण 5000-6000 हर्ट्झच्या पुढचं फारसं काही नसतं. गाणं संपत आलं तेव्हा सौ. आतून म्हणाल्या, “केवढी सळसळ आहे हो यात!”

मला सळसळ ऐकू येत नव्हती. गाणं सगळं ऐकू येत होतं.