कातळसडा, रत्नागिरी जिल्ह्यातील : कला, वास्तू व परिसर

कोकणच्या किनारपट्टीस समांतर पसरलेल्या, जांभ्या खडकाच्या सपाट पठारांस ‘सडा’ म्हणतात. जेथे मातीचा थर नाहीसा होऊन खडक उघडा पडलेला असतो, तेथे ‘कातळ’ किंवा ‘कातळसडा’ ही संज्ञा रूढ आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या रत्नागिरी, लांजा व राजापूर या तालुक्यांत असे सडे विपुल आहेत. महसुली दप्तरात या भूमीचा मोठा भाग ‘पोटखराब’ म्हणजे लागवडीस अयोग्य म्हणून नोंदला गेला. तथापि याच खडकावर प्रागैतिहासिक मानवाने शेकडो आकृती कोरल्या. याच खडकाचे चिरे काढून गड, देवळे, घरे आणि एका पदच्युत राजाचा वाडा बांधला गेला. आणि याच पठारांवर अणुवीज व तेलशुद्धीकरण प्रकल्पांची आखणी होऊन एकविसाव्या शतकात तीव्र राजकीय संघर्ष झाले. सड्याच्या कलेचा व वास्तूचा इतिहास हा बहुतांशी ‘पोटखराब’ या एका नोंदीशी झालेल्या विसंवादाचा इतिहास आहे.

जांभा हा दख्खनच्या काळ्या दगडाच्या (असिताश्म) दीर्घकालीन विदारणाने बनलेला खडक होय. उष्ण व अतिपर्जन्याच्या हवामानात मूळ खडकातील सिलिका व इतर विद्राव्य घटक वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. पिकलेल्या जांभळासारख्या तांबूस-जांभळट रंगावरून त्यास मराठीत जांभा हे नाव पडले. १८०७ मध्ये फ्रान्सिस ब्यूकॅनन या प्रवाशाने केरळातील अंगाडिपुरम येथील अशाच खडकास ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. भूमीत असताना हा दगड अवजाराने कापता येण्याइतका मऊ असतो व उघड्यावर आल्यानंतर कठीण होत जातो. त्याच्या या गुणावर कोकणातील संपूर्ण बांधकामपरंपरा उभी आहे.

उन्हाळ्यात उजाड दिसणारा सडा वस्तुतः निर्जल नाही. सच्छिद्र जांभ्यातून पावसाचे पाणी खाली झिरपते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते व सड्याच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. खालच्या वाडीतील विहिरी आणि नारळी-पोफळीच्या बागा या पाण्यावर जगतात. मृगाचा पाऊस सुरू होताच कातळाच्या खळग्यांत व भेगांत अल्पजीवी वनस्पतींची दाटी होते. कोकणातच आढळणारी पांढऱ्या फुलांची दीपकाडी, तसेच गेंद, सीतेची आसवे आणि दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती तीत विशेष लक्षणीय आहेत. दोन-तीन महिन्यांत हे चक्र पुरे होते व आश्विनापासून पुन्हा केवळ वाळलेले गवत दिसू लागते. जमिनीची पाहणी कोरड्या ऋतूत झाली, तर पाहणाऱ्यास ती ओसाड वाटावी यात नवल नाही.

कातळशिल्पे : सड्यांवरील कोरीव आकृतींना कातळशिल्पे, खोदचित्रे व भूचित्रे अशी निरनिराळी नावे दिली जातात. काटेकोरपणे पाहता ही शिल्पे नव्हेत. काही ठिकाणी केवळ बाह्यरेषा खोदलेली असते, तर काही ठिकाणी पृष्ठभाग तासून उथळ उठाव साधलेला असतो. परंतु कातळशिल्प हा शब्द आता लोकांच्या तोंडी बसला असल्याने तोच येथे वापरला आहे. आकृती आडव्या खडकावर असून त्यांतील कित्येक इतक्या मोठ्या आहेत की, जवळ उभे राहणाऱ्यास त्यांचा आकार एका नजरेत येत नाही. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्तीची आकृती सु. १८ मी. लांब व १३ मी. रुंद असून तिच्या पोटात अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. बारसू येथे मध्यभागी एक मनुष्याकृती व तिच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर उभे असलेले पशू आहेत. ही रचना सिंधू संस्कृतीतील व पश्चिम आशियातील मुद्रांवरील तत्सम चित्रांची आठवण करून देते, परंतु एवढ्या साम्यावरून संबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

हत्ती, वाघ, मोर, हरिण, कासव, शार्क, पाकट असे जमिनीवरील व समुद्रातील प्राणी येथे शेजारी शेजारी आढळतात. काही आकृती एकशिंगी गेंड्याच्या व पाणघोड्याच्या असाव्यात, असे मत मांडण्यात आले आहे. यांपैकी एकही प्राणी आज कोकणात नाही. हे मत ग्राह्य धरल्यास या भूमीवर एके काळी दलदल व गवताळ प्रदेश होता असे मानावे लागते, आणि मग ही चित्रे केवळ कलेचेच नव्हे, तर परिस्थितिविज्ञानाचेही साधन ठरतात. शेतीची दृश्ये न आढळल्याने ती शिकार व मासेमारीवर जगणाऱ्या समाजाची, मध्याश्मयुगीन असावीत, असे पुष्कळ अभ्यासक समजतात. सु. बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा काळ सुचविला गेला आहे. कालनिर्णय मात्र मुख्यत्वे शैली व आसपासची दगडी हत्यारे यांवर अवलंबून असून त्याविषयी एकमत नाही.

गुराख्यांना व गावकऱ्यांना ही चित्रे पूर्वीपासून ठाऊक होती. काही ठिकाणी ती पांडवांनी कोरली असे सांगत, तर काही ठिकाणी त्यांचा ग्रामदैवताशी संबंध जोडला जाई. पद्धतशीर शोधास गती मिळाली ती २०१० नंतरच्या दशकात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरीच्या ‘निसर्गयात्री’ संस्थेच्या द्वारे गावोगाव चौकशी करून सडे पायी पालथे घातले आणि एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सु. ७० स्थळी १,५०० च्या आसपास आकृतींची नोंद झाली. राज्य पुरातत्त्व विभागाने त्यास जोड दिली. २०२२ मध्ये कोकणातील नऊ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातील असून कुडोपी हे सिंधुदुर्गात व फणसायमळ हे गोव्यात आहे.

वास्तू : जांभ्याचा चिरा हे कोकणातील वास्तूचे मूळ एकक होय. पूर्णगड, जयगड यांसारख्या किनारी दुर्गांचे तट, देवळांची जोती, विहिरींचे कठडे, चुन्याशिवाय रचलेले गडगे आणि डोंगरउतारावरील पाखाड्या ही सर्व जांभ्याची कामे आहेत. घराचे जोते व भिंती चिऱ्यांच्या, वर उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी व खळे अशी रचना वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशास अनुरूप होती. आता सपाट काँक्रीटच्या छताची घरे सर्वत्र झाली आहेत, परंतु गळतीमुळे त्यांतील पुष्कळांवर पुन्हा लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घालावे लागते. हवामानाने वास्तुरचनेवर केलेली ही दुरुस्तीच म्हणावयाची.

राजसत्तेने जांभ्याचा केलेला सर्वांत विलक्षण वापर रत्नागिरी शहरातील थिबा राजवाड्यात दिसतो. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास नोव्हेंबर १८८५ मध्ये पदच्युत करण्यात आले व १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. त्याच्यासाठी सरकारने बांधलेली तीन मजली वास्तू १९१० मध्ये पूर्ण झाली. भाट्ये खाडीकडे पाहणाऱ्या सड्याच्या कडेवर ती उभी असून स्थानिक तांबडा दगड, उतरती छपरे व लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या यांचा तीत मेळ घातलेला आहे. राजाचा मान राखणारी, पण बंदिवासासाठीच बांधलेली अशी ही वास्तू आहे. थिबा १९१६ मध्ये तेथेच मरण पावला. नंतर तिचा शासकीय कामासाठी वापर झाला व पुढे तेथे वस्तुसंग्रहालय स्थापण्यात आले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तिला भेट दिली.

जांभ्याच्या उघड्या भिंतीविषयी आधुनिक वास्तुविशारदांत दोन मते आढळतात. केरळात लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी स्थानिक दगड-विटांचा, गिलाव्याशिवाय व कमी खर्चात वापर करण्याचा पुरस्कार केला आणि त्यांच्या विचारांचा प्रभाव पश्चिम किनाऱ्यावरील पुढील पिढीवर पडला. याउलट जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चवरील (१६०५) चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकल्यावर पावसाने जांभा झिजू लागला व तो पुन्हा लावावा की काय, हा वाद दीर्घकाळ चालू राहिला. त्यावरून तांबड्या उघड्या दगडाचे आजचे आकर्षण हे परंपरेपेक्षा आधुनिक अभिरुचीतून आले असावे, असे वाटते. शिवाय बांधकामाची मागणी वाढली की चिरेखाणीही वाढतात. पूर्वी हाताने चिरे काढीत; यंत्राने ते काढू लागल्यापासून सडेच्या सडे चौकोनी खड्ड्यांनी भरले. कातळशिल्पांभोवती संरक्षणासाठी घातलेल्या चिऱ्यांच्या भिंतीही अशाच एखाद्या सड्यातून आलेल्या असतात. उक्षी येथे ग्रामस्थांच्या सहकार्याने हत्तीच्या आकृतीला संरक्षण मिळाले, ही या क्षेत्रातील अनुकरणीय घटना होय.

भूमी व राजकारण : १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली आणि कुळांना जमिनी मिळाल्या, परंतु सड्यावरील मालकी सामाईक व विखुरलेली राहिली. एका सातबाऱ्यावर डझनावारी नावे आणि त्यांतील निम्मी माणसे मुंबईस, हे चित्र सर्वत्र दिसते. १९९० नंतर रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेमुळे कातळ फोडून हापूसची कलमे लावण्यास चालना मिळाली व ‘पोटखराब’ भूमी बागायत झाली. यात काही कोरीव आकृती नष्ट झाल्या असणे शक्य आहे.

माडबन परिसरात जैतापूर अणुवीज प्रकल्पासाठी सु. ९३८ हेक्टर भूमी संपादित झाली. ती बहुतांशी नापीक असल्याचे शासनाचे म्हणणे होते. बागायतदार व मच्छीमार यांनी ते नाकारले. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावर झालेल्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान तज्ज्ञ गटाने आपल्या अहवालात रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार केला. पुढे वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ मध्ये नाणार परिसराची अधिसूचना निघाली व विरोधामुळे २०१९ मध्ये ती रद्द झाली. २०२२ मध्ये बारसू-सोलगावची जागा सुचविण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू होताच ग्रामस्थांनी सड्यावर ठाण मांडले, स्त्रिया वाहनांसमोर रस्त्यावर आडव्या झाल्या आणि पोलिसांनी अश्रुधुराचा वापर केला. युनेस्कोच्या संभाव्य यादीतील एक स्थळ याच सड्यावर असल्याने कातळशिल्पे हा या वादातील एक मुद्दा बनला. पुरातत्त्वाचा विषय येथील गावसभांत चर्चिला गेला.

आधुनिक कलेत भूमीलाच माध्यम मानण्याचा प्रवाह १९६० नंतर पुढे आला. रॉबर्ट स्मिथसन याने १९७० मध्ये अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकमध्ये काळा दगड व माती यांचा सु. ४५७ मी. लांबीचा सर्पिलाकार बांध घातला. योझेफ बॉइस याने १९८२ पासून जर्मनीतील कासेल शहरात ७,००० ओकवृक्ष, प्रत्येकाशेजारी असिताश्माचा एकेक स्तंभ उभारून, लावण्याचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६) या चंद्रपूर जिल्ह्यातील चित्रकाराने कोळशाच्या खाणींनी गिळलेली गावे व शेतजमीन कोळशानेच रेखाटली. २०२१ मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ पारितोषिकाचा तो सहमानकरी ठरला. गोव्यात सुबोध केरकर यांनी समुद्रकिनारा, शिंपले व होड्या यांतून कलाकृती रचल्या. कातळशिल्पांची तुलना या प्रवाहाशी वारंवार केली जाते. ती मर्यादित अर्थानेच खरी आहे. आधुनिक कलावंत भूमीकडे परत जातो. सड्यावर कोरणाऱ्याला तिच्यापासून दूर जाणे माहीतच नव्हते. रत्नागिरीत बारसूच्या तोडीचा समकालीन चित्रकृतींचा संभार अद्याप निर्माण झालेला नाही. जिल्ह्यात सावर्डे (ता. चिपळूण) येथे कलाशिक्षणाची सोय झाल्याने कोकणच्या भूदृश्याचे चित्रण मात्र वाढले आहे.

कातळशिल्पांची नोंद करण्याचे काम ऋतूवर अवलंबून असते. पावसाळ्यात खोदरेषांत पाणी व शेवाळ साचते, दिवाळीपर्यंत गवत उंच वाढते. गवत वाळल्यावर खराट्याने कातळ झाडून व रेषांतील माती काढून मापे घेतली जातात. सकाळच्या किंवा मावळतीच्या तिरप्या उन्हात, जेव्हा उथळ रेषांनाही सावली पडते, तेव्हा छायाचित्रे काढतात. माध्यान्हीच्या प्रकाशात कातळ पुन्हा सपाट दिसतो.