उपपदाविना इंग्रजी : रायगड किनाऱ्यावरील दाखले

मराठीत नामापूर्वी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे लावण्याची पद्धत नाही. त्यामुळे इंग्रजी लिहिताना मराठी भाषक कधी उपपद विसरतो, तर कधी नको तेथे ते योजतो. मात्र खुद्द इंग्रजी भाषकही अनेक ठिकाणी उपपद गाळतात आणि त्यामागे बव्हंशी ठरावीक संकेत असतात. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील उदाहरणांतून ते स्पष्ट होतात.

स्थळनामे : अलिबाग, मुरूड, उरण ही गावांची नावे उपपदाविना येतात. ‘एलिफंटा आयलंड’ या एका बेटाच्या नावालाही ‘द’ लागत नाही. परंतु नद्या आणि समुद्र यांना तो लागतो. उदाहरणार्थ, ‘द कुंडलिका’, ‘द अरेबियन सी’. घारापुरीच्या लेण्यांचा उल्लेख वाक्यात ‘द एलिफंटा केव्ह्ज’ असा होतो. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या लेण्यांची तेथील नोंद मात्र ‘एलिफंटा केव्ह्ज’ एवढीच आहे. याद्या, फलक आणि बातम्यांचे मथळे यांत उपपद गाळण्याची प्रथाच आहे.

पदार्थ : ‘सॉल्ट’, ‘राइस’ यांसारखी अगणनीय नामे सर्वसाधारण अर्थाने उपपदाविना येतात. उरणच्या एखाद्या मिठागरातील विशिष्ट मीठ अभिप्रेत असेल, तर ‘द सॉल्ट’ म्हणावे लागते.

व्यवसाय आणि प्रवास : दर्यावर्दी ‘गोज टू सी’, तर पर्यटक ‘गोज टू द सी’. पहिल्यात समुद्रावरील कामकाज सूचित होते, दुसऱ्यात केवळ स्थळ. ‘स्कूल’ आणि ‘प्रिझन’ या शब्दांनाही हाच न्याय लागू होतो. ब्रिटिश माणूस रुग्णाला ‘इन हॉस्पिटल’ म्हणतो, तर अमेरिकी ‘इन द हॉस्पिटल’. गेटवेहून मांडव्याला जाणारा प्रवासी ‘बाय बोट’ जातो. पण ठरावीक बोटीत बसल्यावर तो ‘ऑन द बोट’ असतो.

उपपद गाळल्याने कधी अर्थच पालटतो. धक्क्यावरील सूचनेत ‘अ फ्यू बोट्स’ असेल, तर काही बोटी सुरू आहेत, असा बोध होतो. ‘अ’ गळून ‘फ्यू बोट्स’ उरले, तर बोटी जवळजवळ नाहीतच, असे समजून प्रवासी माघारी फिरू शकतो.