खुराड्याचे लाकूड : कर्जत-खालापूर परिसरातील घरगुती कोंबडीपालनाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांचा इतिहास प्रामुख्याने घाटमार्ग, रेल्वे, भातशेती आणि स्वातंत्र्यलढा यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. घरामागील खुराडे हा इतिहासलेखनाचा विषय क्वचितच झाला. वस्तुतः खुराडे कशाचे बांधावे, हा प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी जंगलावर हक्क कोणाचा आणि कोंबडीची मिळकत कोणाची, या दोन प्रश्नांशी तो निगडित आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

निसर्ग आणि बांधणी :
सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जमीन चार महिने ओली राहते आणि जंगल जवळ असल्याने मुंगूस, रानमांजर, साप यांचे भय कायम असते. कोंबडीचा पूर्वज असलेला रानकोंबडा रात्री फांदीवर बसतो. पाळीव कोंबडीतही ही सवय टिकून आहे. या तिन्ही गोष्टींनी खुराड्याचे रूप ठरविले. चार खांबांवर जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच तळ, विष्ठा खाली पडावी म्हणून तळाच्या पट्ट्यांत फट, आत बसण्यासाठी आडवी दांडी, पाणी निथळेल असे उतरते छप्पर आणि वर सरकणारी फळी हेच दार, अशी ही रचना असते. पाऊस नैर्ऋत्येकडून येत असल्याने दार पूर्वेस ठेवणे सोयीचे ठरते. पक्षी दिवसभर मोकळे फिरत असल्याने रात्रीच्या मुक्कामाला प्रत्येकी सुमारे एक चौरस फूट जागा पुरते. पिलांसह असलेल्या कोंबडीसाठी बांबूचे डालगे पुरेसे असते.

या बांधणीचे साहित्य परिसरातच मिळे. खांबांना ऐन वा किंजळ, बाजूंना बांबूच्या कामट्या किंवा कारवी, छपराला गवत आणि पुढील काळात कौले वा पत्रा. ठाकर, कातकरी व कुणबी वस्त्यांतील कुडाची घरेही याच कारवीने उभी राहिली. खुराडे हे एका अर्थी घराचेच लहान रूप होते.

जंगलकायदा आणि लाकूड :
लाकडाच्या या उपलब्धतेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मर्यादा पडल्या. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट मार्ग पूर्ण झाला. त्यानंतर १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित अशी जंगलांची वर्गवारी केली आणि पूर्वापार वहिवाट ही सरकारने दिलेली सवलत ठरली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषाची दखल घेऊन १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. कर्जत तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. तो १८९१ मध्ये कुलाब्यास जोडला गेला. आयोगापुढील वादाच्या केंद्रस्थानी भाताच्या रोपवाटिकेसाठी जाळावयाचा राब होता. परंतु ज्या ऐनाच्या फांद्या राबासाठी तोडल्या जात, त्याच ऐनाचे लाकूड घराला, गोठ्याला आणि खुराड्याला लागे. म्हणून राबाचा वाद हा कुटुंबाच्या समग्र गरजांचा वाद होता.

स्वातंत्र्यानंतर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, ऐन, किंजळ, खैर आदी झाडे खाजगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येईनात. वृक्षरक्षणाचा हेतू रास्त असला तरी खुराड्याच्या चार खांबांसाठी कोणी अर्ज करीत नाही. परिणामी जुन्या घराच्या वाशांचा पुनर्वापर, खोक्यांच्या फळ्या, पत्रा आणि जाळी यांचा आधार घेतला गेला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला. खुराड्याचे सर्वांत जुने साहित्य अशा रीतीने कायद्याने पुन्हा काही अंशी खुले झाले.

खुराडे ते शेड :
१९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रात कुक्कुटपालनाचे स्वरूप पालटले. कंत्राटी ब्रॉयलर पद्धतीत पिल्ले व खाद्य कंपनीचे, तर शेड व श्रम शेतकऱ्याचे असतात. शेडसाठी जमीन आणि भांडवल लागते. कर्जासाठी सातबारा लागतो आणि तो बहुधा पुरुषाच्या नावे असतो. खुराड्याला सातबारा लागत नाही. गावठी कोंबडी व अंडी ही परंपरेने घरातील स्त्रीची मिळकत. मीठ-मिरची, औषधपाणी, शाळेची वही यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नसे. त्यामुळे खुराड्याकडून शेडकडे झालेला प्रवास हा केवळ तंत्राचा बदल नसून मालकीचाही बदल आहे.

२००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा पोल्ट्रीतील पक्ष्यांबरोबर घरोघरच्या गावठी कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. रोगनियंत्रणासाठी ते आवश्यक होते. तथापि मोठ्या शेडची हानी नजरेत भरते, पाच-सहा कोंबड्या गमावलेल्या घराची हानी सहसा मोजली जात नाही. मानमोडीची लस वेळेवर मिळणे आणि बंदिस्त, कोरडे खुराडे असणे हेच अशा घराचे संरक्षण होय.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, खुराड्याच्या साहित्यातील प्रत्येक बदलामागे कायदा किंवा बाजार उभा आहे. परसातील कुक्कुटपालनाच्या योजना पक्षी वाटपावर भर देतात. परंतु निवाऱ्याविना दिलेले पक्षी पहिल्याच पावसाळ्यात मुंगसाच्या किंवा रोगाच्या तोंडी जाण्याचा संभव असतो. स्थानिक बांबूपासून खुराडे बांधण्याची परंपरा या भागात आहे, कायदाही आता तितका आड येत नाही. पक्ष्यांबरोबर खुराड्याचा विचार झाला, तर स्त्रीच्या हातची ही लहानशी मिळकत टिकू शकेल.